भाजी निवडल्यावर उरलेला पाला, देठ, साली: सशांना कुठल्या, किती, कशा द्यायच्या?

नवा_पाळक विचारतात:

दोन ससे आहेत. मादी दोन वर्षांची, वजन २ किलो. तिचं पिल्लू ९ आठवड्यांचं, वजन ७०० ग्रॅम. दोघं एकाच पिंजऱ्यात.

स्वयंपाकघरातून रोज तीनचारशे ग्रॅम हिरवा कचरा निघतो: कोथिंबिरीचे देठ, मेथी-पालकाच्या काड्या, फ्लॉवरची पानं, कोबीची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला, गाजराची टोकं, काकडीच्या साली, बटाट्याच्या साली, मटारची टरफलं, कणसाची आवरणं. सध्या यातलं बरंचसं घालतो आणि पेलेटचं (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचं) भांडं कायम भरलेलं असतं. वाळलेलं गवत ठेवतो, पण दोघं त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

शंका अशा:

१. यातलं चालतं काय आणि चालत नाही काय?
२. दिवसाला किती?
३. पाला ओला दिला तर पोट बिघडतं म्हणतात, ते खरं का?
४. मादीच्या शेपटीखाली सकाळी काळपट, चिकट लेंड्या चिकटलेल्या असतात. पाल्यामुळे का?
५. परवा तिची लघवी नारिंगी झाली होती. घाबरायचं का?

---

तृणपात्र:

पहिल्या दोन प्रश्नांच्या आधी गवताचं बघा, कारण तुमच्या यादीतलं सगळं सुरक्षित असतं तरी खुराक चुकलेलाच राहिला असता.

हिशोब करून पाहा. दोन किलोच्या सशाला दिवसाला पाणी वगळून साधारण ८० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम पाल्यातून कोरडं खाद्य मिळतं जेमतेम १० ग्रॅम. नुसत्या पाल्यावर भूक भागवायची तर रोज ८०० ग्रॅम पोटात जायला हवा. तेवढा तो खाऊ शकत नाही. खाल्लाच तरी त्यात लांब, चिवट तंतू कमी पडतो. वाळलेल्या गवतात पाणी १०-१२ टक्केच असतं. ९० ग्रॅम गवतात तेच काम होतं.

लांब तंतू लागतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे दात. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढत राहतात, पटाशीचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. पेलेट दाताखाली चुरली जातात आणि मऊ पानं दोनचार चाव्यांत गिळली जातात, त्यामुळे दाढांच्या कडा वाढून जिभेला नाहीतर गालाला टोचायला लागतात. दुसरं कारण आतडं. ते चालतं ठेवायला हा न पचणारा जाड तंतू लागतो. तो कमी पडला की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, ससा खाणं सोडतो आणि मग आतडं पूर्णच थांबतं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे.

तेव्हा मोठ्या सशाची रोजची मांडणी अशी: त्याच्या अंगाएवढा गवताचा गठ्ठा, तोही कायम समोर, कधीच न संपणारा. पाला किलोमागे ५० ग्रॅमच्या आसपास. पेलेट किलोमागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम. गवत चांगलं खाणाऱ्याला त्याहून कमी पुरतात. तुमच्या मादीसाठी म्हणजे १०० ग्रॅम पाला आणि ५० ग्रॅमच्या आत पेलेट. पेलेटचं भांडं कायम भरलेलं असेल तर गवत खायचं तिला कारणच काय?

---

देठ_पाला:

वरच्या १०० ग्रॅमच्या हिशोबात तुमची यादी बसवतो. ढोबळ नियम असा की पान आणि देठ बहुधा चालतात. कंद, दाणे आणि फळं पिष्ट किंवा साखरेची, म्हणून ती चिमूटभर. एकाच भाजीचा एक भाग चालतो आणि दुसरा विषारी असतो, हेही लक्षात असू द्या.

कोथिंबिरीचे देठ उत्तम. पुदिना आणि शेपू तसेच. मुळ्याचा आणि गाजराचा पाला छान, थोडा खरखरीत असतो ते चांगलंच. गाजर मात्र गोड आहे. सशाला गाजर रोज लागतं हा चित्रातला ससा पाहून झालेला समज. २ सेंटिमीटरचा तुकडा, आठवड्यातून दोनतीनदा, बास. तुमची ती गाजराची टोकं म्हणजे तेवढीच.

फ्लॉवरची पानं आणि मधला जाड देठ चालतो. देठ बोटभर लांबीचा, उभा चिरून द्या, कुरतडायलाही मिळतं. पांढरा गड्डा टाळलेला बरा, वायू जास्त धरतो. कोबीचं सगळ्यात बाहेरचं पान काढून टाका. फवारणी त्याच्यावरच पडलेली असते. त्याच्या आतली दोन पानं घ्या.

पालक, बीटाची पानं आणि राजगिरा-माठ या तिन्हींत ऑक्झॅलेट जास्त. विषारी नाहीत, पण रोजच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा, इतर पाल्यात मिसळून, एकूण पाल्याच्या पाव भागाच्या आत. मेथी चालते, तीही आलटून पालटून. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून एखादी छोटी डहाळी. अळूचं पान कच्चं अजिबात नाही. त्यातले सुईसारखे स्फटिक तोंडात आणि घशात रुततात, तोंडातून लाळ गळायला लागते.

काकडीच्या साली थोड्या चालतात, पण आधी तिचा टोकाकडचा तुकडा स्वतः चाखा. काकडी, दोडका, दुधी यांतलं काहीही कडू लागलं तर ते सशालाही नाही. कडूपणा ज्या द्रव्याचा असतो ते आतडं सोलवटून काढतं.

मटारची टरफलं दोनतीन, दाणे नकोत. कणसाची हिरवी आवरणं फार चांगली. ती लांब, चिवट आणि गवताच्याच जातीची असतात. कणसातले केसही चालतात. दाणे नकोत. मधलं बुरकुंड तर मुळीच नको, त्याचा कुरतडलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो.

बटाट्याच्या साली आजपासून बंद. पिष्ट तर आहेच, वर हिरवट सालीत आणि कोंबांच्या डोळ्यांत सोलॅनिन असतं. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची एकाच कुळातले. त्यांची पानं, देठ आणि वांग्याची हिरवी टोपी सशाच्या वाट्याला जाऊ देऊ नका. पिकलेल्या टोमॅटोची फोड किंवा बिया-देठ काढलेली ढोबळी मिरची अधूनमधून चालते.

कांदा, कांद्याची पात, लसूण, लीक हे कच्चं-शिजवलेलं कसलंही नको, तांबड्या पेशी फुटतात. कच्ची कडधान्यं, विशेषतः राजमा, अॅव्होकाडोचा कुठलाही भाग, सफरचंदाच्या बिया, चहाचा चोथा, चॉकलेट हेही नाहीत. शिजवलेलं, तेल-मीठ लागलेलं, भात, ब्रेड, पिठाचं काही नाही. असल्या गोष्टी ससा आवडीने खातो, म्हणून त्या चालतात असं वाटतं. त्याच्या आवडीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

आणि निवडण्याचा क्रम. सशाचा पाला आधी बाजूला काढा, कांदा-लसूण नंतर चिरा. त्याच विळीवर, त्याच पाटावर कांद्याचा रस आणि तुकडे राहतात. जुडीचा दोरा आणि रबर आठवणीने काढा. मेथीच्या काड्यांत गुंडाळलेला दोरा पाल्यासकट तोंडात जातो आणि अडकला तर शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. जुडीत ओळखू न येणारं तण निघालं तर तेही बाहेर.

---

कोवळी_पालवी:

वरच्या यादीशी बहुतेक सहमत, कोबीबद्दल थोडं वेगळं. कोबी-फ्लॉवर-मुळा-ब्रोकोली हे एकच कुळ. एका दिवशी यातली एकच भाजी ठेवा. चारही एकत्र दिल्या की मग वायूचा दोष कोबीवर जातो. खूप दिवस सतत याच कुळावर ठेवलं तर थायरॉइडवरही ताण येतो. दर दिवशी तीन पानभाज्या, तीन वेगळ्या कुळांतल्या, ही सवय सगळ्यात सोपी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कणसाची आवरणं असा एक दिवस. पुदिना, फ्लॉवरचं पान, मेथी असा दुसरा. आठवड्यात एखादी भाजी तिसऱ्यांदा येत असेल तर ती बदला.

नवीन भाजी एका वेळी एकच. पहिल्या दिवशी दोन बोटं रुंदीचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी ती नवी भाजी न देता लेंड्या बघायच्या. कोरड्या, गोल, नेहमीएवढ्या असतील तर तिसऱ्या दिवशी दुप्पट, आणि आठवड्याभरात पूर्ण वाटा. लेंड्या मऊ झाल्या, आकार लहान झाला किंवा संख्या घटली तर ती भाजी थांबवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. एकदम चार नव्या भाज्या सुरू केल्या की त्रास कुणाचा ते कळतच नाही, आणि लोक चारही बंद करून मोकळे होतात.

आइसबर्ग लेट्यूस सुरक्षित आहे, पण ते खाऊन मिळत काही नाही, जवळपास सगळं पाणीच. लांब पानांचं लेट्यूस त्याहून कितीतरी बरं.

---

नवा_पाळक:

बटाट्याच्या साली बंद केल्या. गवत खायला लावायचं कसं, हे मात्र कळलं नाही. भांडं रिकामं ठेवून उपाशी ठेवलं तर खातील का? आणि ओल्या पाल्याचं काय?

---

तृणपात्र:

उपाशी अजिबात नका ठेवू. सशाने खाणं थांबवलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते, आणि मादी थोडी जाड असेल तर दीड-दोन दिवसांत यकृत निकामी होऊ लागतं. ‘भूक लागली की खाईल’ हे इथे जीवघेणं ठरतं.

मोठ्या मादीचे पेलेट तीन ते चार आठवड्यांत उतरवा. आधी एकदा मोजा की ती दिवसाला खरंच किती खाते. ८० ग्रॅम खात असेल तर पहिला आठवडा ७०, दुसरा ६०, तिसरा ५०, चौथा ४०. दोन वेळांत विभागून द्या, दिवसभर नको. पेलेट सकाळी आणि रात्री उशिरा, पाला संध्याकाळी, म्हणजे मधले तास गवताचे. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन. आठवड्यात १०० ग्रॅमहून जास्त उतरलं तर उतरवणं थांबवा आणि दात तपासून घ्या. काही ससे गवत खात नाहीत ते हट्टाने नव्हे. दाढ टोचत असते.

गवत निवडताना आधी वास घ्या. गोडसर, हिरवट वास आला पाहिजे. रंग फिका हिरवा. मूठभर घेऊन झटकलं तर धूळ उडता कामा नये. पिवळा पेंढा म्हणजे गवत नव्हे. त्यात खाण्याजोगं फार थोडं, तो अंथरुणाला ठेवा. कोवळी ज्वारी कापून घालू नका, कोवळ्या ताटात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. हरळी ताजी चालते, वाळवूनही चालते, फक्त फवारा मारलेल्या किंवा कुत्री फिरणाऱ्या जागेची नको. यंत्राने कापलेल्या लॉनचा चुरा तर कधीच नको. ढिगात तो तासाभरात तापतो, आंबतो आणि पोटात जाऊन वायू करतो.

जागा बदलून बघा. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, म्हणून गवताची जाळी घाणीच्या ट्रेच्या एका टोकाला, तोंड पोचेल इतक्या उंचीवर लावा. गवतात कोथिंबिरीचे चार देठ खुपसून ठेवा, ती हुडकताना गवतही चावलं जातं. दिवसातून दोनदा वरचा थर बदला. त्यावर लघवी झालेली असेल तर ते पुन्हा खात नाहीत, आणि लोकांना वाटतं गवतच आवडत नाही.

खाल्लं जातंय की नाही हे लेंड्या सांगतात. गवतावरच्या सशाची लेंडी मोठी, फिकट तपकिरी, आणि बोटांत चुरली की तिचा वाळक्या गवतासारखा भुगा होतो. लहान, काळी, घट्ट लेंडी म्हणजे गवत कमी.

---

देठ_पाला:

ओल्या पाल्याचं उत्तर. धुतल्यामुळे अंगावर राहिलेल्या पाण्याने सशाचं पोट बिघडत नाही. उलट सशाला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं, थोडं असं पोटात गेलं तर बरंच. बिघडतं ते ओला पाला ढीग करून ठेवल्याने. पातेल्यात दाबून भरलेल्या ओल्या पानांच्या मधोमध हात घातला तर कोमट लागतो. ती आंबायला लागलेली असतात. वरून हिरवीगार, आत चिकट. तेवढं दिलं की दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, आणि दोष बसतो धुण्यावर.

पाला रुंद भांड्यात भरपूर पाण्यात बुडवा, हाताने ढवळा, पाला वर उचला आणि पाणी टाका. माती तळाशी बसते, म्हणून भांडं तिरकं करून पाणी ओतायचं नाही, पाला उचलायचा. असं तीनदा. मग चाळणीत निथळू द्या, कापडावर पसरा. फ्रीजमध्ये ठेवायचा तर कोरड्या कापडात सैल गुंडाळून, दोन दिवसांच्या आत संपवा, आणि देण्याआधी पंधरावीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. थोडा कोमेजलेला पाला चालतो. पिवळा पडलेला भाग काढून टाका. बुळबुळीत किंवा काळे ठिपके आलेला असेल तर सगळी जुडी फेका, ‘बरा भाग’ निवडत बसू नका. बुरशी जितकी दिसते तितकीच नसते.

ठेवल्यावर तीनचार तासांत उरलेलं उचला, उन्हाळ्यात दोन तासांत. सेलरीसारखे दोऱ्या सुटणारे देठ एक-दोन सेंटिमीटरचे आडवे तुकडे करून द्या.

---

अंधांत्र_१०१:

चौथा आणि पाचवा प्रश्न राहिलेत.

सशाची विष्ठा दोन प्रकारची. एक कोरड्या गोल लेंड्या. दुसऱ्या मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या. त्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, बहुधा शांत वेळी, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिथे जिवाणू तंतू आंबवतात आणि ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार करतात. ती परत पोटात जायला हवीत म्हणून त्या खाल्ल्या जातात. त्या शेपटीखाली चिकटून राहत असतील तर तो जुलाब नव्हे. मादी त्या खात नाहीये.

ती खात नाही याची तीन कारणं सगळ्यात जास्त आढळतात. पेलेट आणि गोड जास्त असल्याने त्या खूप तयार होतात किंवा नेहमीपेक्षा मऊ पडतात. मादी जाड झाल्याने तोंड तिथवर पोचत नाही. किंवा दात, पाठ, सांधा यांपैकी काहीतरी दुखतंय. तुमच्याकडे पेलेटचं भांडं कायम भरलेलं आहे, म्हणून पहिल्यापासून सुरुवात. तृणपात्र यांनी सांगितल्याप्रमाणे पेलेट उतरवा, गाजर आणि फळं पूर्ण बंद, पाला निम्म्यावर आणा, गवत वाढवा. दोनतीन आठवड्यांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर पशुवैद्याला दात आणि पाठ दाखवा.

तोवर रोज मागची बाजू तपासा. मळलेल्या केसांवर माशी अंडी घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. पूर्ण अंघोळ घालू नका, सशाला तिचा धक्का बसतो. तेवढाच भाग कोमट पाण्याने ओला करून, मऊ पडल्यावर पुसून, लगेच कोरडा करा.

नारिंगी लघवी बहुतेक वेळा वनस्पतीतल्या रंगद्रव्यांची असते. गाजर, बीट, गडद पाला यांनंतर एकदोन दिवस फिकट नारिंगीपासून विटकरीपर्यंत रंग येतो आणि आपोआप जातो. पूर्ण डबकं एकसारख्या रंगाचं असेल तर रंगद्रव्याचीच शक्यता जास्त. साध्या लघवीत लाल ठिपके किंवा रेघा दिसल्या तर रक्ताचा संशय घ्या. नक्की करायचं तर लघवी तपासायची पट्टी. गर्भाशय न काढलेल्या दोनतीन वर्षांपुढच्या मादीत गर्भाशयाच्या गाठी वारंवार होतात. तुमच्या मादीला पिल्लं झाली असली तरी वयामुळे रक्त हलक्यात घेऊ नका.

लघवी दुधट असणं सशात चालतं. अन्नातलं कॅल्शियम आतडं जवळपास येईल तितकं शोषतं आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं, म्हणून ती गढूळ. पण वाळल्यावर खडूच्या जाड थरासारखी खरखरीत पपडी राहत असेल, किंवा लघवी टूथपेस्टसारखी घट्ट निघत असेल, तर मूत्राशयात गाळ साचतोय. तेव्हा शेवगा, मेथी आणि लसूणघास (आल्फाल्फा हा चारा, लसूण नव्हे) बंद, आणि पाण्याची बाटली काढून वाडगं ठेवा. वाडग्यातून ससे जास्त पितात.

---

कोवळी_पालवी:

पिल्लाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि जीव धोक्यात असेल तर आधी त्याचा. दूध सुटल्यापासून बारा आठवड्यांपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. अंधांत्रातले जिवाणू अजून बसायचे असतात. पिष्ट आणि साखर न पचता तिथे पोचली की विष तयार करणारे जिवाणू वाढतात, आणि एकदोन दिवसांत पातळ जुलाब होऊन पिल्लू जातं. गाजर, फळं, मटार, बटाटा पिल्लाला शून्य.

पाल्याचं मात्र ‘बारा आठवड्यांपर्यंत कधीच नाही’ असं सरसकट करू नका. हे पिल्लू आईबरोबर आधीपासून खातंय ना? मग एकाएकी तोडण्याऐवजी दोन आठवड्यांत कमी करत न्या. कोथिंबीर आणि मुळ्याच्या पाल्यासारख्या साध्या, त्याच्या सवयीच्या दोन भाज्या, रोज १० ग्रॅमच्या आसपास. नवीन काहीच नको. बारा आठवड्यांनंतर एकेक भाजी, मोठ्या सशासारखीच.

पिल्लाचा मुख्य खुराक गवत आणि वाढीचे पेलेट. लसूणघास त्याला पाचसहा महिन्यांपर्यंत थोडी चालते, कारण हाडांना कॅल्शियम आणि प्रथिनं हवीत. आईला ती नको. दोघांचा खुराक वेगळा असल्याने अडचण येते. त्यासाठी एक खोका पालथा घाला, बाजूला पिल्लू जाईल आणि आई जाणार नाही एवढं भोक पाडा, आणि पिल्लाचे पेलेट आत ठेवा.

जाता जाता: पिल्लू नर असेल तर त्याला बाराव्या आठवड्याच्या आत आईपासून वेगळं करा. नाहीतर पुढची पिल्लं झाल्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

---

अंधांत्र_१०१:

एक महत्त्वाचं राहिलं. कुठलाही ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट बघू नका. कुबड काढून बसणं, दात करकर वाजवणं, कान थंड पडणं, आवडीची कोथिंबीर नाकापाशी धरूनही तोंड फिरवणं, ही चिन्हं. पोट ढोलासारखं ताणलेलं, टणक असेल तर तोंडात काही भरू नका, लगेच वैद्याकडे. जाताना ससा गरम ठेवा, तापमान ३८ अंशांच्या खाली गेलं तर ते फार वाईट लक्षण आहे. घरातली वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं देऊ नका. तोंडाने दिलेलं अॅमॉक्सिसिलिन सशाचे चांगले जिवाणू मारून त्याला मारतं. डॉक्टरांना हा ससा आहे हे आधी फोनवर सांगा, सगळे वैद्य सशांना हाताळत नाहीत.

---

नवा_पाळक:

कळलं. आता शेवटचा प्रश्न. १०० ग्रॅम मादीला आणि १० पिल्लाला, म्हणजे तीनचारशेतलं बरंच उरतं. पाला सुकवून साठवला तर चालेल?

---

देठ_पाला:

चालतो, सगळा नाही. कोथिंबिरीचे देठ, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, पुदिना, कणसाची आवरणं सुकतात. पालक आणि कोबी सुकायच्या आत कुजतात, ते खतात घाला.

धुतलेला पाला पूर्ण निथळून, जाळीवर एका थरात, सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरा. उन्हात वाळवला तर पानं पांढरी पडतात आणि चुरा होतो. दिवसातून दोनदा उलटा. दमट हवा नसेल तर तीनचार दिवसांत सुकतो. देठ वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आत पाणी आहे, डब्यात गेल्यावर बुरशी धरेल. पहिले दोन आठवडे कापडी पिशवीत टांगून ठेवा, रोज एकदा हात घालून बघा, गार आणि कोरडं लागलं की मगच झाकणाच्या डब्यात.

देताना वजनाचा घोळ करू नका. १०० ग्रॅम ओला पाला सुकून १० ते १२ ग्रॅम राहतो. कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट सगळं त्यातच असतं. सुका पाला मूठभर दिसतो म्हणून मूठभर घातला तर वजनाने त्याच्या आठ-दहा पट ओला घातल्यासारखं होईल. सुका देणार असाल त्या दिवशी मादीला ४-५ ग्रॅम, गवतावर भुरभुरून, आणि ओला निम्मा. गवताला वास लागतो, त्यामुळे गवत खायला लावायलाही हे कामाला येतं. पिल्लाला सध्या नको.

उरलेला पाला संपवायला पेलेट कमी करून पाला दुप्पट करायचा मोह होईल. पाला हळूहळू किलोमागे ७० ग्रॅमपर्यंत नेता येतो, पण मादीच्या शेपटीखालचा भाग सलग दोन आठवडे स्वच्छ राहिल्याशिवाय नाही.